मायनस सहा व्होल्ट

हार्लन टॉर्विकने वीज मोजायचा मल्टिमीटर घ्यायचं ठरवलं ते एका मंगळवारी, सकाळच्या दुसऱ्या कॉफीला.

"एक छोटासा मीटर आणतो," तो बायकोला म्हणाला. "गाडीची बॅटरी सारखी का उतरते ते पाच मिनिटांत कळेल."

लोर्ना मक्याची कणसं सोलत होती. तिने नुसती मान हलवली. बेचाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्याची पाच मिनिटं केवढी असतात, हे तिला पाठ झालं होतं.

हार्लनने एकतीस वर्षं शाळेच्या बसगाड्यांच्या ऑफिसात काढली होती. कुठली बस कुठल्या कोपऱ्यावर किती वाजता थांबेल, हे तो ठरवायचा. (स्वतः बस कधी चालवली नाही. पण चालवणाऱ्यांना सूचना पुष्कळ केल्या.) रिटायर झाल्यावर त्याने एका शेतकऱ्याच्या कोठारातून १९५१ सालची हिरवी गाडी आणली. ती बनवणारी कंपनी कधीच बुडाली होती, त्यामुळे तक्रार करायला जागा नव्हती. गाडी सुरू व्हायची, चालायची, दिसायची तर अशी की रस्त्यावरची माणसं थांबून बघत. फक्त एक दिवसाआड तिची बॅटरी मान टाकायची.

आणि ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी गावचा मक्याचा मेळा होता. मिनेसोटातल्या त्या चिमुकल्या गावात वर्षातून एकदा मिरवणूक निघते आणि त्या वर्षीची मानकरी होती हार्लनची सासू, इन्गा, वय वर्षं एक्याण्णव. तिने हार्लनच्या गाडीत बसून सगळ्यांच्या पुढे जायचं, असं ठरलं होतं. गाडी सुरू झाली नाही, तर मेव्हणा मर्ल आपला नवाकोरा पिकअप ट्रक घेऊन तयार होता. रोज संध्याकाळी फोन करून तो तयार असल्याचं सांगत होता. मेव्हण्याच्या ट्रकमागून पायी चालण्यापेक्षा हार्लनने गाव सोडलं असतं.

मिरवणुकीला अजून तीन आठवडे होते. एखादा माणूस दुकानात गेला असता आणि समोर दिसेल तो मीटर घेऊन आला असता. पण हार्लन बसच्या ऑफिसातला माणूस. त्याने जेवणाच्या टेबलावर मोठा कागद पसरला आणि त्यावर रकाने आखले. काट्याचा की आकड्यांचा? रेंज आपोआप बदलणारा की हाताने फिरवायचा? आतला फ्यूज केवढा? सुट्ट्या वायरींचा की चिमट्याचा? टेबल अडल्यामुळे पहिले चार दिवस दोघं उभ्यानेच जेवली. पाचव्या दिवसापासून लोर्ना आपलं ताट घेऊन बाहेरच्या पायरीवर बसू लागली. हार्लन मागोमाग गेला, कारण फ्यूजचं सांगायचं राहिलं होतं.

"पिवळा चांगला दिसतोय," लोर्ना म्हणाली.

"कुठला पिवळा? त्यात तीन पिवळे आहेत."

"मधला."

"मधल्याला मी काल बाद केलंय. तुला सांगितलं होतं की."

"हो. दोनदा."

शेवटी आठवड्याभराने पहिला मीटर घरी आला. हार्लनने गाडीचं बॉनेट उघडलं. काळी वायर गाडीच्या पत्र्याला लावायची आणि लाल वायर बॅटरीच्या दुसऱ्या टोकाला, हे त्याला बाळपणापासून माहीत होतं. त्याने ती लावली आणि आकडा बघितला.

मायनस सहा पूर्णांक दोन.

त्याने चष्मा पुसला. मायनस तिथेच. बॅटरी रिकामी असते हे त्याला ठाऊक होतं, पण शून्याच्याही खाली जाऊन ती उलट आपल्याकडूनच काही मागत असेल, अशी कल्पना त्याने केली नव्हती. तो गॅरेजमधल्या उपड्या बादलीवर बसून राहिला. मग मीटर खोक्यात घालून तडक दुकानात गेला.

दुकानात शेरी होती. चाळिशीची शांत बाई. लहानपणी ती हार्लनच्याच बसने शाळेत जायची, आणि बस तिच्या घरापासून दूर थांबायची हे तिच्या अजून लक्षात होतं.

"मीटर खराब आहे," हार्लन म्हणाला. "मायनस दाखवतो."

"बदलून देते, मिस्टर टॉर्विक."

दुसरा त्याने मुद्दाम काट्याचा घेतला. काट्याला मायनस लिहिता येत नाही, असा त्याचा विचार. तो बरोबर होता. काट्याने काही लिहिलं नाही. तो शून्यावरून मागे सरकला आणि डावीकडच्या भिंतीला नाक टेकून उभा राहिला. हार्लनने तोही परत खोक्यात घातला.

तिसरा सगळ्यात चांगला होता. जाड रबरी आवरणाचा, मोठ्या आकड्यांचा. मायनस सहा पूर्णांक शून्य.

"तीन कारखाने," शेरी म्हणाली, "आणि तिघांनी ठरवून तुमच्याशीच खोटं बोलायचं. असं कसं होईल? तो घरी कशावर तरी तपासून बघा ना, मिस्टर टॉर्विक."

हे त्याला पटलं. घरी येऊन त्याने गॅरेजमधल्या भिंतीवरच्या प्लगमध्ये वायरी घातल्या. एकशे एकोणीस, अमेरिकेतल्या घरांत असतात तेवढेच व्होल्ट. मायनस वगैरे काही नाही. स्वयंपाकघरात एकशे वीस. न्हाणीघरात एकशे एकोणीस. त्याने घरातले सगळे प्लग मोजून कागदावर लिहिले, आणि घर निर्दोष आहे, मीटर निर्दोष आहे, दोष गाडीत आहे, असा निकाल देऊन तो निवांत झोपला.

गॅरेजमधल्या प्लगला लोर्नाचा मोठा फ्रीझर जोडलेला असे. मोजण्यासाठी हार्लनने तो काढला होता. परत लावला नव्हता.

हे उघडकीला आलं गुरुवारी. चर्चच्या बायकांनी मेळ्यातल्या स्टॉलसाठी लोर्नाला अकरा पाय (आत गोड सारण भरून भाजतात ते) करायला सांगितले होते, आणि आंबटसर लाल दांड्यांच्या ऱ्हुबार्बचे ते अकराही पाय तिने जूनमध्येच करून फ्रीझरमध्ये ठेवले होते. गॅरेजच्या फरशीवर गुलाबी ओघळ गाडीच्या मागच्या चाकापर्यंत पोचला होता. हार्लनला आधी वाटलं, गाडीचंच काहीतरी फुटलं. तो वाकून बोट लावून वास घेत असताना मागून लोर्ना आली.

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने फ्रीझरचं झाकण उघडलं, बघितलं आणि मिटलं.

"किती होते?" हार्लनने विचारलं.

"तुझ्याकडे मीटर आहे," लोर्ना म्हणाली. "मोज."

पुढचे दोन दिवस घरात फक्त फोन बोलत होता, आणि तो मर्लचा होता.

शनिवारी हार्लनने शेजारच्या डेल प्रोखास्काला बोलावलं. डेलने चाळीस वर्षं ट्रॅक्टर दुरुस्त केले होते आणि गरजेपेक्षा एकही शब्द जास्त बोलण्याची त्याला सवय नव्हती. हार्लनने त्याला तिन्ही मीटरांची कहाणी सांगितली, कागद दाखवला, रकाने समजावले. डेल तोंडातली काडी या कडेची त्या कडेला करत राहिला. मग त्याने बॅटरीवरचा मळ अंगठ्याने खरवडला.

"प्लस पत्र्याला आहे," तो म्हणाला.

"म्हणजे कोणीतरी उलटी लावली."

"नाही. त्या काळी काही गाड्या अशाच यायच्या."

"म्हणजे मायनस..."

"बरोबर होतं."

"पहिल्या मीटरपासून?"

"पहिल्यापासून."

हार्लन परत बादलीवर बसला. डेलने बॅटरीची एक तार सोडवली, मीटरची लाल वायर करंट मोजायच्या भोकात घातली आणि मीटर मधोमध जोडला. गाडी बंद असताना वीज कुठे गळत असेल, तर ती आकड्यात दिसली असती. आकडा होता शून्य. दोघांनी तो दहा मिनिटं बघितला. तो शून्यच राहिला.

"गाडी काही खात नाहीये," डेल म्हणाला आणि तार परत जोडून घरी गेला.

हार्लनला मात्र शांत बसवेना. बॅटरीचे व्होल्ट पुन्हा एकदा बघावेत, आता तरी प्लस बघावा, म्हणून त्याने मीटरच्या दोन्ही वायरी सरळ बॅटरीच्या दोन टोकांना टेकवल्या. लाल वायर अजून करंटच्याच भोकात होती, त्यामुळे बॅटरीचा सगळा जोर थेट मीटरमधून गेला. फाट असा आवाज झाला, निळी ठिणगी उडाली, मीटर आंधळा झाला. सहा व्होल्टचा झटका माणसाला लागत नाही, असं सगळी पुस्तकं सांगतात. हार्लनला लागला. तो दचकून जो उठला तो बॉनेटवर डोकं आपटून पुन्हा खाली बसला.

मीटर वाचला होता, फक्त आतला फ्यूज उडाला होता. सोमवारी जेवण झाल्यावर तो शेरीकडे फ्यूज आणायला गेला. एरवी दुकानात त्याचा दीड तास सहज जायचा. पण कपाळावर टेंगूळ होतं आणि ते कसं आलं हे सांगायची इच्छा नव्हती. त्यामुळे वीस मिनिटांत तो परत आला. घराच्या बाजूने चालत गॅरेजच्या दाराशी पोचला, आणि तिथेच थबकला.

आत कोणीतरी पुरुष बोलत होता.

आवाज खालच्या पट्टीतला, जाड, मायाळू. घाई म्हणून नाही. "उगाच घाबरू नका," तो म्हणत होता. "हळूहळू पाणी द्या. बघा, पुन्हा उभारी धरेल."

आणि लोर्ना हसली. गेल्या गुरुवारपासून ती हसली नव्हती. खरं तर अशी ती किती दिवसांत हसली नव्हती, हे हार्लनला आठवेना. बेचाळीस वर्षं. त्याच्या डोळ्यांपुढून गावातले सगळे पुरुष सरकून गेले. पाद्री, पोस्टमन, चक्क डेल प्रोखास्कासुद्धा. (डेल एवढं लांब वाक्य बोलणं शक्यच नव्हतं, हे नंतर सुचलं.) हातातला फ्यूज घट्ट धरून त्याने दार ढकललं.

हिरव्या गाडीच्या पुढच्या सीटवर लोर्ना एकटीच बसली होती. चपला काढून पाय वर घेतलेले, मांडीवर थर्मास. गाडीचा रेडिओ चालू होता आणि त्यात कुणी बागकामाचा जाणकार एका बाईला तिच्या सुकलेल्या टोमॅटोविषयी धीर देत होता.

हार्लनचा जीव भांड्यात पडला आणि पाठोपाठ दुसरा धक्का बसला.

"हा रेडिओ बिघडलेला आहे," तो म्हणाला.

"नाही," लोर्ना म्हणाली.

"मी स्वतः बघितलाय. बटण फिरवलं, काही लागलं नाही."

"आत जुन्या पद्धतीच्या काचेच्या नळ्या आहेत. त्या तापायला लागतात. बटण फिरवून अर्धं मिनिट गप्प बसावं लागतं." ती थांबली. "तुला कसं कळणार?"

हार्लनने खिसा चाचपला.

"किल्ली तर माझ्या खिशात असते."

"किल्ली लागत नाही."

"कधीपासून बसतेस?"

"मे महिन्यापासून अधूनमधून. तू टेबलावर कागद पसरल्यापासून रोज." तिने थर्मासच्या झाकणात कॉफी ओतली. "तू दुकानात गेलास की मला तास दीड तास मिळतो. आज लवकर आलास."

"लोर्ना, हे असले रेडिओ बॅटरी पिऊन टाकतात."

"ते मला काय ठाऊक? मीटर तुझ्याकडे आहे." मग थोडं मऊ होऊन ती म्हणाली, "सांगायला हवं होतं. पण मग तू मला रेडिओविषयी सांगितलं असतंस."

हार्लन गाडीला वळसा घालून पलीकडच्या सीटवर बसला. माफी मागावी असं त्याच्या मनात होतं, वाया गेलेल्या पायबद्दल, टेबलाबद्दल. पण रेडिओतला माणूस आता गुलाबांवर आला होता आणि लोर्नाने ओठांवर बोट ठेवलं. तो गप्प बसला. कार्यक्रम संपेपर्यंत गप्प बसला. मग दोघांनी मिळून बॅटरी चार्जरला लावली, आणि आठवडाभर संध्याकाळी लोर्नाने मैदा मळला व हार्लनने ऱ्हुबार्बचे दांडे चिरले. अकरा पाय होईपर्यंत त्याने एकही सूचना केली नाही. (नवव्याला त्याने खाकरून पाहिलं, इतकंच.)

मेळ्याच्या शनिवारी गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. मर्लचा ट्रक मिरवणुकीत सातवा होता, खताच्या दुकानाच्या फलकामागे. लोर्ना चर्चच्या स्टॉलवर. इन्गा निळा झगा घालून मागच्या सीटवर ताठ बसली होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गाव उभं होतं, आणि हार्लनचं हृदय भरून आलं होतं. सगळी हकीगत ऐकायला कोणीतरी हवंच होतं.

"आई, तुम्हाला वाटेल ही गाडी अशीच सुरू झाली," तो आरशात बघून म्हणाला. "पण यामागे काय काय आहे ते ऐका." आणि त्याने पहिल्या मीटरपासून सुरुवात केली. बँकेपाशी तो काट्यापर्यंत आला होता, शाळेपाशी फ्यूजपर्यंत. इन्गा मधूनमधून मान डोलवत होती, हसत होती, आणि इतकं मन लावून ऐकणारी सासू आपण आजवर ओळखलीच नाही, या विचाराने हार्लन आणखी बारकाईने सांगू लागला.

मैदानाशी मिरवणूक थांबली. त्याने उतरून अदबीने मागचं दार उघडलं.

"आई, सगळं लक्षात आलं ना? काही शंका असेल तर विचारा."

"थांब जरा," इन्गा म्हणाली. तिने पर्स उघडली, रुमालात गुंडाळलेली दोन्ही कानांची यंत्रं काढली आणि सावकाश एकेक कानात बसवली.

"हं," ती म्हणाली. "आता बोल. काही म्हणालास का?"