पायरी आधी का मोटार

आमच्या समोरच्या तात्यांच्या घरात स्वयंपाकघरातून सोप्यावर यायचं असेल, तर आधी दारातून हात बाहेर काढावा लागे. डावीकडे वळायचं तर डावा, उजवीकडे वळायचं तर उजवा. हातात गरम पातेलं असेल तर नुसतं ओरडायचं, "पातेलं आलं!" मग सोप्यावर जो कुणी असेल त्यानं भिंतीला चिकटून उभं राहायचं. मी पहिल्यांदा त्यांच्याकडे विरजण मागायला गेले तेव्हा मला हा कायदा ठाऊक नव्हता. मी आपली निमूट आत शिरले, तर तात्यांनी खुर्चीवरूनच हात आडवा धरून मला अडवलं.

"थांब! कुटं निघालीस? हात कुटं हाय तुजा?"

मी दोन्ही हात पुढे करून दाखवले. त्यांच्या पत्नी, काकी, आतून हसत सुटल्या. तेव्हापासून तात्या मला मडम म्हणू लागले. मी इंग्रजी शाळेत जाते आणि साधा हात दाखवायचं मला कळत नाही, याची त्यांना फार मौज वाटायची.

तात्या गिरणीत विणकाम खात्यात जॉबर, म्हणजे मागवाल्यांवरचे मुकादम होते. मागांच्या आवाजात माणसाचा शब्द ऐकू येत नाही, म्हणून तिथं सगळं खुणांवर चालतं. कुठल्या मागाचा धोटा उडेल आणि कुणाच्या कपाळात बसेल याचा नेम नसतो. नोकरी सुटली, पण ती नजर सुटली नाही. त्यांच्या घरात विळी मिटवल्याशिवाय कुणी उठायचं नाही. स्टो पेटवताना पदर खोचायचा. जिन्यावर चढणाऱ्यानं थांबायचं, उतरणाऱ्याला आधी वाट द्यायची. न्हाणीतली शहाबादी फरशी ते स्वतः रोज राखेनं घासत. शेजारच्या बायका तोंडाला पदर लावून हसत, पण ते ऐकत नसत.

हेच तात्या एकदा सायकलवर बसून रस्त्यावर आले, की त्यांच्यासारखा बेकायदा माणूस सोलापुरात दुसरा नव्हता. सायकल अगदी मधोमध चालायची. घंटी नाही, दिवा नाही, वळताना हात तर कधीच नाही. काकी म्हणत, "घरात ह्ये पोलीस आन् रस्त्यावर चोर. देवानं माणूस उलटा शिवलाय माजा."

एकदा दिवेलागणीला चौकातल्या शिपायानं त्यांना धरलं. मी शिकवणीहून परत येत होते, म्हणून हे माझ्या कानांनी ऐकलं.

"दिवा कुटं हाय, तात्या?"

"दिवा कशाला?"

"लोकांना तुमी दिसायला पायजे का नको?"

"तुला दिसलो का न्हाय?"

"दिसलात की."

"मग? बिनदिव्याचा दिसलो म्हून तर धरलंस. दिवा असता तर धरलं असतंस व्हय?"

शिपाई बिचारा विचारात पडला. तेवढ्यात तात्या निघूनही गेले, रस्त्याच्या मधोमध.

माझे वडील कलेक्टर कचेरीत कारकून. त्यांना पाहिलं, की तात्यांना चेव यायचा. "काय सरकार, आज कुटला कायदा काढला?" इथून सुरुवात. वडील सौम्यपणे म्हणायचे, "अहो तात्या, मोटारी वाढल्या. नियम नको का?" की तात्या ओट्यावर बैठक मारून सांगायला लागत.

"माणूस रस्त्यावर पडला की पंचनामा. डाक्तर येतो, फौजदार येतो, ईस जण बघायला. आन् न्हाणीत पडला तर? चुलीवर भाजला तर? माळ्यावरनं डबा काढताना आपटला तर? कोन येतं? घरची मान्सं म्हंत्यात, नीट बगून चालता येत न्हाय? सरकारला समदं रस्त्यावरच दिसतं. घरात किती मोडत्यात, ते कोन बघतंय?"

"म्हणजे सरकारनं घरात यावं असं तुमचं म्हणणं?"

"आलं तर तंगडं मोडीन! माज्या घरात मी हाय की."

 

काकी न्हाणीत पडल्या होत्या, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. त्यांनीच एका दुपारी सांगितलं, शेंगा फोडता फोडता. तात्या तेव्हा गिरणीत होते. काकी सकाळी पडल्या आणि संध्याकाळचा भोंगा होईपर्यंत तशाच ओल्या फरशीवर पडून राहिल्या. हाड जुळलं, पण उजवा पाय गुडघ्यात वाकेनासा झाला. "हाका मारल्या," त्या म्हणाल्या, "पर आपलं दार रस्त्यापासनं उंच. कुनाला ऐकू जानार?"

त्यांच्या घराचं जोतं खरोखरच उंच होतं. जुन्या पायऱ्या उभ्या होत्या, काकींना त्या चढवेनात. म्हणून तात्यांनी स्वतः दगड आणून दारासमोर नव्या पायऱ्या बांधल्या, बुटक्या आणि रुंद, एकेक जणू पाटच. काकी रोज दुपारी भिंतीला धरून त्या उतरायच्या आणि सगळ्यांत खालच्या पायरीवर बसायच्या. भाजीवाली, कासार, शाळेतून येणाऱ्या मुली, सगळ्यांशी त्यांचं बोलणं तिथं व्हायचं. त्यापलीकडे त्यांना जग नव्हतं.

आणि नेमक्या त्याच पायऱ्यांवर म्युनिसिपालिटीची नजर गेली.

ओव्हरसियर आला, टेप धरून माप घेतलं आणि म्हणाला, "तात्या, ह्या रस्त्यात येतात. प्रवाशांची सर्व्हिस मोटार वळताना अडते. काढाव्या लागतील."

"पायरी आधी आली का मोटार?"

"तसं नसतं, तात्या. अंधारात कुणी अडखळून पडलं तर?"

"आजपातुर कोन पडलं? नाव सांग."

"पडलं नाही, पण पडेल."

"न्हाणीत पडलेलं मानूस दावू? जा, आदी गावातल्या समद्या न्हाण्या मोडून या. मग माज्या पायरीला हात लावा."

ओव्हरसियर भला माणूस होता. त्यानं सुचवलं, की दार रस्त्याच्या पातळीला आणा, आतली जमीन खोदून पायऱ्या सोप्यातच उतरवा, मग कुणाची हरकत नाही. तात्या उसळले. "ऐकलंस का गं! रस्ता तर ह्यांचाच. आता घरातली जमीनबी ह्यांच्या हुकमानं खनायची. उद्या म्हंतील, जेवताना डाव्या अंगाला बसा!"

बाजाराच्या दिवशी माणसं घेऊन येतो, असं सांगून तो गेला. तात्या पायरीवर बसले ते उठेनात. जेवणाचं ताटही तिथंच. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, "मोटार माज्या अंगावरनं न्ह्यावी म्हनावं." अर्धी पेठ त्यांच्या बाजूनं झाली. वडील मात्र घरात येरझाऱ्या घालत होते. "हट्टानं तुरुंगात जाईल हा माणूस," म्हणाले, "आणि त्या बाईनं काय करायचं?"

दुसऱ्या दिवशी काकी दारात येऊन उभ्या राहिल्या. मी खिडकीत होते.

"उठा आता," त्या म्हणाल्या. "नेऊ द्या दगड. मला तरी कुटं जायाचंय? बसंन की आत."

  तात्या उठले आणि मागच्या खोलीतून पहार घेऊन आले. बाजाराचा दिवस उजाडायच्या आत सगळ्या पायऱ्या त्यांनी स्वतः उचकटल्या. ओव्हरसियर आला तेव्हा दगड घरात गेले होते.

"सरकारनं माज्या पायरीला हात लावला न्हाय," तात्या त्याला म्हणाले. "मी काडली. लिव्ह तसं."

मग आतून ठोकण्याचे आवाज येऊ लागले. दार लोटलेलं असायचं. एका सकाळी मी शाळेला निघाले तर ते उघडं दिसलं. सोपा खोदून तात्यांनी दारापर्यंत पायऱ्या उतरवल्या होत्या, आणि ते स्वतः त्या उतरत होते. उजव्या पायाला घोट्यापासून मांडीपर्यंत फळी बांधली होती, धोतराच्या चिंध्यांनी आवळून. एक हात भिंतीवर. ताठ पाय आधी खाली टाकायचे, मग डावा. तिसऱ्या पायरीवर झोकांडी गेली. तात्यांनी पायरीलाच शिवी दिली, खाली बसून छिन्नीनं तिची कड उतरवली आणि पुन्हा वर चढू लागले.

तेवढ्यात त्यांनी मला पाहिलं. मी मान खाली घालून निघून जाणार होते.

"बगतीस काय, मडम? हिकडं ये. शाळा पळून जात न्हाय. जरा धर मला, तुज्या काकीला कुनी धरलं तर पायरीवर पाय बसतोय का बगू."

मी पुस्तकं उंबऱ्यावर ठेवली आणि त्यांचा दंड दोन्ही हातांनी पकडला.

"असं नव्हं," तात्या म्हणाले. "ढिला धर. घट्ट धरलं की तिला राग येतो."