पोरगी समुद्रात उतरली!

चौतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवलेल्या माणसाला विमान किती वाजता पोहोचणार हे विचारणं म्हणजे सुताराला खिळा ठोकता येतो का, असं विचारण्यासारखंच!

मास्तरांची लेक पाच वर्षांनी घरी येत होती. ती गेली तेव्हा मास्तर विमानतळावर पोहोचेपर्यंत ती आत निघूनही गेली होती. ते त्यांच्या फार मनाला लागलं होतं. "आता ती येईल तेव्हा दारातून बाहेर पडताच पहिलं तोंड माझं दिसलं पाहिजे!" असं ते येईल-जाईल त्याला सांगत.

"अहो, मग तिलाच विचारा ना, किती वाजता येतेस," बायको म्हणाली.

"मी विचारू? भूगोलाच्या मास्तरने?"

त्यांनी पृथ्वीचा गोल खाली काढला. दोऱ्याचं एक टोक तिच्या शहरावर, दुसरं आपल्या. साडेबारा हजार किलोमीटर! विमानाचा वेग ताशी नऊशे. म्हणजे चौदा तास. मग लेकीने पाठवलेलं तिकीट पाहिलं. आज सकाळी दहाला निघणार, उद्या सकाळी आठला पोहोचणार. बावीस तास!

"बघ! वरचे आठ तास विमान मध्येच कुठेतरी थांबणार. शिवाय पोहोचायचे हे आठ तिकडच्या घड्याळातले. आपण त्यांच्या आठ तास पुढे. म्हणजे उद्या दुपारी चार!"

बायकोला ओ की ठो कळलं नाही. पण एवढे आठ आहेत म्हटल्यावर बरोबरच असणार, असं तिला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला मास्तर दाढीला साबण लावून बसले होते, तोच फोन वाजला.

"बाबा, कुठे आहात? मी उतरले!"

"उतरलीस? अगं, मध्येच कशाला उतरलीस! जा, परत जाऊन बस!"

"बाबा, विमान इथपर्यंतच होतं."

"तसं वाटतं! तू जागची हलू नकोस!"

फोन आपटून मास्तर गोलाकडे धावले. चारला अजून साडेसात तास. तेवढा दोरा मागे मोजला, तर बोट थेट समुद्रावर!

"अगं, इथे तर जमीनच नाही!"

बायकोने टाहो फोडला. तो ऐकून शेजारचा टॅक्सीवाला धावत आला.

"मास्तर, ती कुठल्या विमानतळावर आहे, ते विचारलंत का?"

मास्तरांनी उत्तरादाखल आपला सगळा हिशेब ऐकवला. शेजाऱ्याने स्वतःच फोन लावला.

"आपल्याच विमानतळावर आहे हो! विमान जिथे उतरतं, तिथलीच वेळ तिकिटावर छापतात. आणि ते वरचे आठ तास घड्याळांमधला फरक आहे, मुक्काम नाही! चला, उशीर झालाय!"

मास्तरांच्या डोक्यात चौदा, बावीस, आठ आणि चार यांची नुसती झुंबड उडाली. एवढंच उमगलं की लेक एकटी ताटकळतेय. साबण लागलेल्या गालानेच ते टॅक्सीत जाऊन बसले.

विमानतळावर पोहोचले तेव्हा दहा वाजले होते. लेक बॅगेवर बसून पेंगत होती. मास्तर तिच्यापाशी धावले.

"याही वेळी उशीर केला गं मी."

लेकीने त्यांच्या गालावरचा वाळलेला साबण ओढणीने पुसला.

"तुमच्या हिशेबाने मी किती वाजता येणार होते?"

"चारला."

"आणि आता वाजलेत दहा. म्हणजे तुम्ही सहा तास आधीच आलात की, बाबा!"

मास्तरांनी घड्याळ पाहिलं. बोटांवर एकदा मोजलं, पुन्हा मोजलं. मग ताठ होऊन ते टॅक्सीवाल्याकडे वळले.

"ऐकलंत? आणि तुम्ही म्हणत होता, उशीर झालाय!"