दीर्घकाळ बसण्यास असमर्थ

माजी सैनिकांना पुढील शिक्षणासाठी साहाय्य देणारी योजना अत्यंत उदार आहे. तिच्याबद्दल एकाही लाभार्थ्याची तक्रार नाही, कारण लाभार्थीच अजून कोणी झालेला नाही.

आमच्या मजल्यावरच्या फौजीला व्हायचे होते. सरहद्दीवर त्याच्या पाठीत लोखंडाचा तुकडा बसला. वैद्यकीय मंडळाने 'दीर्घकाळ बसण्यास असमर्थ, सबब सेवेस अपात्र' असा शेरा मारून त्याला सन्मानाने घरी पाठवले. फौजीने विचार केला, मास्तर दिवसभर उभाच असतो. आपण मास्तर व्हावे. अध्यापन महाविद्यालयाने जागा दिली. योजनेची मंजुरी तेवढी शुक्रवारी पाचपर्यंत आणायची होती.

कल्याण कार्यालयातल्या कारकुनाने शेरा वाचला, मग फौजीला वाचले.

"परीक्षेला बसणार तुम्ही?"

"हो."

"बसता येत नाही म्हणून लिहिलंय इथं."

"उभा राहून लिहीन. कॉलेज उंच टेबल देतंय."

"परीक्षेला उभं राहायची तरतूद नाही. उभं राहतात निवडणुकीला. ते खातं वेगळं."

"अहो, ती नुसती बोलायची पद्धत झाली."

"कार्यालयात बोलायची पद्धत नसते, लिहायची असते. 'जो परीक्षेस बसेल त्यास' असा नियम आहे. तुम्ही बसत नाही, म्हणजे नियमातही बसत नाही."

घरी बायकोने ऐकून घेतले. फौजी खिडकीला टेकून चहा पीत होता.

"अहो, मग डॉक्टरांकडून 'उभं राहण्यास समर्थ' असं लिहून आणा. खोटं थोडंच आहे?"

मंडळाचे डॉक्टर प्रामाणिक होते. स्वतःची सही अडचणीत येणार असेल तिथे तर फारच. "लिहीन की," ते म्हणाले, "पण समर्थ माणसाला घरी का पाठवलं, असं उद्या कुणी विचारलं तर? तुमचं निवृत्तिवेतन जाईल, माझी बढती. तुमचं तरी काय भलं होणार त्यात?"

प्रकरण वरिष्ठ साहेबांकडे गेले. साहेबांनी सहानुभूतीपूर्वक विचार करून एक समिती नेमली आणि एक खुर्ची मागवली.

"परीक्षेच्या वेळेइतकं बसून दाखवा."

"बसलो तर?"

"तर पात्र. मात्र सेवेतून सुटण्यासाठी मंडळाची दिशाभूल केलीत, असा अर्थ निघेल."

"आणि नाही बसलो तर?"

"तर अपात्र. पण निष्कलंक."

"साहेब, असं कसं—"

"तुम्ही आधी गप्प बसा."

फौजी बसला. समितीने पंख्याच्या आवाजावर चर्चा केली, एका सदस्याच्या बदलीवर केली. तोवर फौजीचा चेहरा राखेसारखा झाला, आणि तो खुर्चीसकट आडवा झाला. शिपायाने खुर्ची उचलून तिचा पाय तपासला. अहवाल एकमताने झाला: उमेदवार काही वेळ बसला, त्यामुळे दिशाभूल सिद्ध, पूर्ण वेळ बसला नाही, त्यामुळे अपात्रताही कायम.

बातमी छापून आली आणि आपण सगळे खवळलो. नागरिक समितीने शुक्रवारी दुपारीच सत्कार ठरवला. प्रमुख पाहुणे साहेबच. मंजुरीवर मंचावरच सही होईल, असे आयोजकांनी फौजीला सांगितले. त्याला मधली खुर्ची दिली. तो तिच्या शेजारी उभा राहिला. त्याचा हा नम्रपणा पाहून सभागृह हेलावले. साहेब त्यागावर बोलले, मग शिस्तीवर, मग पुन्हा त्यागावर. फौजीची बायको पहिल्या रांगेतून घड्याळाकडे बघत होती. साडेचारला तिने आयोजकांना चिठ्ठी पाठवली. ती त्यांनी शुभेच्छा म्हणून वाचून दाखवली. शेवटी तिने मागे वळून विचारले, "कुणी येता का हो माझ्याबरोबर कॉलेजात? चार माणसं दिसली तर थोडं थांबतील ते." तेव्हा नेमके राष्ट्रगीत सुरू झाले आणि सगळ्यांना उभे राहावे लागले.

पाच वाजले. सही राहिली, कारण साहेबांच्या मते मंचावर कार्यालयीन काम करणे हे सैनिकाचा अवमान करण्यासारखे होते.

जागा प्रतीक्षा यादीतल्या पहिल्या नावाला गेली. तुमची मुलगी हुशार आहे, यात वादच नाही, अभिनंदन. टाळ्या वाजवता वाजवता तुम्ही मागच्या दाराने फोन घ्यायला गेलात, तो कॉलेजचाच होता, हे आम्ही फौजीच्या बायकोला अजून सांगितलेले नाही.