अनुसयाबाईंचा उजवा डोळा

अनुसयाबाईंच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू मंडईआधी, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेआधी, काढायचा की नंतर, हे ठरवायला गोंदियाच्या एका दवाखान्याच्या व्हरांड्यात चार माणसं बसली होती. पाचव्या अनुसयाबाई. त्या ऑपरेशनच्या खोलीबाहेर बाकावर होत्या. त्यांना बैठकीला कोणी बोलावलं नव्हतं.

बाईंना ऑपरेशन आधीच हवं होतं. मागच्या मंडईत नाटकाला बसल्या, तर रंगमंचावर नुसते रंग हलताना दिसले. खलनायक मेल्यावर त्यालाच नायक समजून त्या ढसाढसा रडल्या. त्यांच्या गावात, आमगावात, अजून लोक तब्येत विचारतात, त्यांची नाही, खलनायकाची.

मुलगा हेमेंद्रला चिंता वेगळी. मंडईला घरी तीस पाहुणे, चुलीपाशी कोण बसेल? पण आईचं एकट्याने ठरवलं तर बहीण रुसणार, म्हणून चिचगडहून दुर्गेश्वरीला बोलावलं. नवऱ्याला सोडून तिने मत दिलं तर जावयाचा अपमान, म्हणून सेवकराम आले. सेवकरामांना दवाखान्यातलं सारं कळतं असा घरात समज होता. ते एकदा नागपूरच्या मोठ्या हॉस्पिटलात तीन दिवस होते. चुलत्याला डबा पोचवायला.

चौथे उदाराम, बाईंचे यजमान. ते सकाळपासून उपाशी होते आणि जो बोलेल त्याच्याकडे बघून मान हलवत होते.

रश्मी सिस्टर कागद घेऊन तीनदा आली. तिन्ही वेळा "दोन मिनिटं" ऐकून परतली. चौथ्यांदा ती व्हरांड्यात गेलीच नाही, बाकावर बसली.

"मावशी, डोळा किसका है?"

"माहाच आहे."

"करायचा का आज?"

"नाही त मी कायले आली?"

"सही येते?"

"बचत गटाची अध्यक्ष आहो, बाई. सहीच त येते."

तासाभराने सेवकरामांनी निकाल दिला. "मंडई झाल्यावर. पक्कं." सगळ्यांनी सुस्कारा सोडला. तेवढ्यात दार उघडलं आणि डोळ्यावर पट्टी लावलेल्या अनुसयाबाई स्वतःच्या पायांनी बाहेर आल्या. उदाराम त्यांना बघायला उठले आणि तसेच खाली बसले. नंतर आडवे झाले.

साखर उतरली होती, बाकी काही नाही. त्यांना खाटेवर घेतलं. सलाईनचा कागद घेऊन रश्मी आली. "पेशंटचं कोण आहे?"

सेवकराम खाकरले. "जरा बसून ठरवू."

अनुसयाबाई मात्र खाटेपाशी गेल्या. "सलाईन लावतो म्हणतेत. लावू द्यू का?"

उदारामांनी सवयीने जावयाकडे पाहिलं.

"तिकडं काऊन पाहून राहिले? हात तुमचा आहे."

उदारामांनी हाताकडे पाहिलं. बेचाळीस वर्षांच्या संसारात हा प्रश्न त्यांनाही नवा होता. "लावा," ते म्हणाले. "पण सुई बारीक लावजा."

अर्धी बाटली उतरली तसा चेहऱ्यावर रंग आला. "सगळं बरं आहे," रश्मीने दोघांचंही सांगितलं. उदाराम हळूच म्हणाले, "औंदा दिसन नं तुले नाटक?"

"दिसन."

"मंग रडाच्या आधी मले इचारजो."

बाई हसल्या. हेमेंद्रला राहवलं नाही. "माय, पण पाहुण्यांचा सैपाक?"

"डॉक्टर म्हणते, महिनाभर चुलीजवळ जायचं नाही." बाईंनी एका डोळ्याने सेवकरामांकडे पाहिलं. "कोण रांधन, ते जवाईबापू ठरवतीन."

व्हरांड्यात लगेच बैठक बसली.