घाटमाथ्यावरील एका दिव्याची बखर

श्रीगजानन सर्वांचे रक्षण करो, आणि जे आपले गुपित परक्याच्या भरवशावर ठेवितात त्यांचे अंमळ अधिक करो. शके १९४६, क्रोधीनाम संवत्सर, कार्तिक वद्य पक्षापासोन पुढे एका राज्यात घडले ते लिहितो. राज्याचे नाव विचारू नये.

त्या राज्याचा धर्म ऐसा जे, सॉफ्टवेअर घडवावे आणि जगास फुकट द्यावे, आणि ते कैसे घडविले तेही उघड मांडावे, कोणी पाहावे, कोणी दुरुस्त करावे. झाकणे म्हणजे पाप. तेथे द्वारकाबाई खांबेटे म्हणोन थोर कारागीर होत्या. त्यांनी ऐसे सॉफ्टवेअर सिद्ध केले, की त्यातून धाडिलेला निरोप ज्याचा त्यासच वाचता यावा, मध्ये राजाचे हेरासही नाही. देशोदेशीचे लोक ते डाउनलोड करू लागले, आणि महाराजांस उल्हास जाहला, आणि मग दिवाण हैबतराव यांनी अर्ज केला जे, 'आपले काम कोठवर जाते हे जगास दिसावे.' मग दरबारी पृथ्वीचा थोर नकाशा लाविला, आणि ज्या गावी कोणी डाउनलोड करी त्या गावी दिवा लागे, काही दिवस कोणी न केले तर विझे, आणि तोच नकाशा इंटरनेटवर सर्वांस खुला केला. दिवाणजी येईल त्यास तो दाखवीत आणि मिशीवर हात फिरवीत.

शेजारचे राज्यात बंद निरोप धाडणे हा गुन्हा, त्यास तुरुंग. तेथील घाटमाथ्याचे एका गावी, जेथे संगणक बोटांवर मोजण्याइतके, एकच दिवा लागला. तो कोणाचा हे बाई जाणून होत्या. पाकोळी या टोपणनावाने एक तरुण त्यांस दुरुस्त्या धाडीत असे, आणि आपले गाव त्याने एकट्या बाईंस सांगितले होते. मागील वर्षी सॉफ्टवेअरात एक भोक राहोन निरोप गळू लागले, ते त्यानेच शोधून बुजविले. बाईंनी त्यास कधी पाहिले नव्हते, परंतु माया पोटच्या पोराची.

बाई धावत दरबारी आल्या आणि बोलिल्या, "महाराज, तेवढा एक दिवा काढा. एवढ्याशा गावात माणूस शोधायला कितीसा वेळ लागतो? पोराचा जीव जाईल हो!"

दिवाणजी हसोन बोलिले, "बाई, काही झाकू नये हे तुम्हीच शिकवलंत ना? आज एक दिवा झाकला, तर उद्या लोक म्हणतील सगळा नकाशाच खोटा."

महाराज बोलिले, "नाव तर कुठं लिहिलेलं नाही. नुसता दिवा. कोणाला काय कळतंय?"

"ज्याला कळायला नको, त्यालाच आधी कळेल," ऐसे बोलोन बाई उठोन गेल्या. त्यांचे कोणी ऐकिले नाही, आणि आम्हांस त्याचा अद्याप संताप येतो.

मग शेजारील राज्याचे वकील भेटीस आले, आणि मेजवानी जाहली, आणि दिवाणजींनी हौसेने नकाशा दाखविला. वकील घाटापाशी वाकोन पुसते जाहले, "हा एकटाच का?" दिवाणजी बोलिले, "आज एकटा, उद्या शंभर होतील!" वकिलांनी कामाची तारीफ केली आणि आणखी एक जिलेबी मागोन घेतली.

मग थोडक्याच दिवसांत तो दिवा विझला. पाकोळीच्या दुरुस्त्या बंद जाहल्या, आणि बाईंस अन्न गोड लागेना. माघ मासी दिवा पुन्हा लागला, तेव्हा दिवाणजींनी साखर वाटिली आणि बोलिले, "पाहा बाई, उगाच जीव टांगणीला लावलात!" बाईंनी साखर हाती तैसीच धरिली आणि नकाशा सांभाळणारास पुसिले, "कोणती आवृत्ती नेली?"

तो बोलिला, "मागच्या वर्षीची. आपण जुन्याही उघड्याच ठेवतो ना!"

"भोक असलेली?"

"होय, तीच."

बाईंनी साखर खाली ठेविली आणि बोलिल्या, "ते भोक त्यानंच बुजवलं होतं. तो ती कशाला नेईल? त्याच्या संगणकापुढं दुसरं कोणी बसलंय. आणि आता तीच गावोगाव वाटतील."

मग तैसेच जाहले. चैत्र लागण्यापूर्वी त्या घाटाभोवती गावोगाव दिवे लागले, एकूणएक जुन्या आवृत्तीचे. ज्या गरिबांनी ती घेतली, त्यांचे निरोप कोण वाचीत होते ते सांगणे नलगे. दिवाणजींनी महाराजांस मुजरा करोन याहून मोठा नकाशा मागितला, आणि तो मंजूर जाहला. येणेप्रमाणे दरबाराने काही म्हणता काही झाकिले नाही. पाकोळीचे खरे नाव काय होते, ते मात्र कोणास ठाऊक नाही, म्हणोन येथे लिहिता आले नाही.