मल्लप्पाकाकांनी बाद केलेली चार सॉफ्टवेअरं

आमच्या शेजारच्या मल्लप्पाकाकांना त्यांच्या लेकीनं हौसेनं विचारलं, "अप्पा, वाढदिवसाला कानाचं मशीन घेऊ का?" तर हा माणूस म्हणाला, "मला नको. वटवाघळांचं ऐकायचं मशीन दे." आणि मागून घेतलं! बोटभर लांबीचा मायक्रोफोन. माणसाला ऐकू न येणारे बारीक आवाजही टिपतो म्हणे. तो लॅपटॉपला लावायचा असतो. आणि लॅपटॉप कुणाचा? माझा!

मी शाळेत कॉम्प्युटर शिकवते, एवढाच माझा गुन्हा. गेला महिनाभर रोज संध्याकाळी मी चहाचा कप तोंडाला लावते न लावते तोच आरोळी येते, "मास्तरीणबाई, चल गं गच्चीवर!" यंत्रमागाच्या खडखडाटात जन्म काढलेला माणूस, हळू बोलणं ठाऊकच नाही. अख्खी गल्ली दचकते.

काका कारखान्यात जॉबर होते. म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करणारे. लांबूनच नुसता आवाज ऐकून कुठला नट ढिला झालाय ते सांगायचे, याचा त्यांना भारी गर्व. कापडात एक दोरा तुटलेला दिसला तरी अख्खा तागा बाजूला सारून "बाद!" म्हणायचे. आता माग गेले, तागे गेले, आणि माझी सॉफ्टवेअरं त्यांच्या तावडीत सापडली.

पहिल्याला मायक्रोफोनच ओळखता येईना. बाद. दुसऱ्यानं आधी खातं उघडा, मग पासवर्ड टाका, असा धोशा लावला. "माझ्या गच्चीवरचा आवाज ऐकायला मी त्याची परवानगी का म्हणून घिऊ?" बाद. तिसरं स्वतःहून वटवाघळाची जात सांगायचं. त्यानं छातीठोकपणे कुठल्याशा बर्फाळ देशातलं नाव ठोकून दिलं. काका उखडलेच. "हितं, सोलापुरात? उन्हाळ्यात भाजून निघालं असतं की ते! बाद!"

चौथं मात्र मी रविवारची झोप मोडून शोधलं होतं. दिसायला देखणं, वापरायला सोपं, आणि नको असलेले आवाज आपोआप गाळणारं. समोरच्या बंद कारखान्याच्या पत्र्याखालून पाकोळ्या, म्हणजे ती छोटी वटवाघळं, बाहेर पडली आणि पडद्यावर त्यांच्या आवाजाच्या झकास रेघा उमटल्या. म्हटलं, सुटले बाई!

काकांनी पडद्याच्या तळाशी बोट ठेवलं. "हितलं कुटं गेलं?"

"तो कचरा असतो, काका. ही वीस हजार हर्ट्झची रेघ. तिच्या खालचं ते माणसाला ऐकू येणारं. रिक्षा, मिक्सर, तुमचं ओरडणं. वटवाघळं बोलतात ती तिच्या वर."

"कचरा हाय हे कुणी ठरवलं? मला त्यातलाच एक आवाज पायजे. बाद!"

माझं डोकंच सणकलं. "कसला आवाज ते तरी सांगा की! घर, शाळा, स्वयंपाक सोडून मी तुमच्या पाकोळ्यांच्या मागे लागलेय. उद्यापासून मी येणार नाही, सांगून ठेवते!"

एरवी एका शब्दाला दहा ऐकवणारे काका पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाले, "सोमवारी ते पत्रे उतरवणार हायत. पाकोळ्या जातील. मग कुटं हुडकू गं तो आवाज?"

आता यावर भांडायचं तरी कसं? रागारागानं घरी आले आणि रागारागानंच पाचवं शोधलं. जुनाट, कळकट, दोनच बटणं. गाळत नाही, शहाणपणा शिकवत नाही. येईल ते सगळं ठेवून घेतं.

रविवारी संध्याकाळी आम्ही गच्चीवर बसलो. पाकोळ्या निघाल्या. वर नेहमीच्या रेघा उमटल्या, आणि खाली, वीस हजाराच्याही बऱ्याच खाली, बारीक टिंबांची आणखी एक ओळ आली. पाकोळी डोक्यावरून गेली की ओळ गडद, लांब गेली की फिकट. रिक्षा काही अशी उडत नाही. मी तेवढाच तुकडा लावला.

"तुला येतंय ऐकू?" काकांनी विचारलं.

"येतंय की. टिक, टिक, टिक. नखानं वाटी वाजवल्यासारखं."

काकांनी एक कान लॅपटॉपला टेकवला. मग दुसरा. मग तसेच मागं टेकून बसले.

"गंगव्वा अस्संच म्हणायची," ते म्हणाले. गंगव्वाकाकू म्हणजे त्यांची बायको, दोन वर्षांपूर्वी गेल्या. "रोज हितं बसून. 'केळ्री, केळ्री.' म्हंजे ऐका की, पाकोळ्या बोलाय लागल्यात. मी म्हणायचो, खुळी का काय तू? मागाचा ढिला नट मला ऐकू येतो, आन् हे येत न्हाय, म्हंजे आवाजच न्हाय. फुडं फुडं तिनं सांगायचंच सोडलं."

महिनाभर या माणसावर मी नुसती चिडत होते.

"कान माझे बाद झालते गं," काका म्हणाले. "आन् तिचेच कान वाजत्यात म्हणून कोमट तेल मी तिच्या कानात घालायचो. तीबी गुमान घालून घ्यायची."

अंधारायला लागलं होतं. "परत लाव," ते म्हणाले. मी आवाज होता तेवढा वाढवला आणि परत लावलं. काकांना काडीचं ऐकू येत नव्हतं. तरी डोळे मिटून, मान हलवत म्हणाले, "व्हय गंगव्वा. बोलाय लागल्यात."