शतरंजची मागची बाजू

१९६७ साल. शब्दकोशाच्या कार्यालयात मी हंगामी मदतनीस होते. मुख्य संपादक अण्णांनी पहिल्यांदाच एक अख्खी नोंद माझ्यावर सोपवली: 'शतरंज'.

"मंडळाला पसंत पडली तर तुम्ही कायम. नाहीतर एक तारखेपासून घरी."

"दोन दिवसांत देते, अण्णा. हातचा मळ आहे."

होताच! मूळ शब्द चतुरंग: हत्ती, घोडे, रथ, पायदळ अशी चार अंगांची सेना. सासरी गेलेली लेक बोली बदलून यावी, तसा तो इराणात जाऊन शतरंज होऊन परतला. इंग्रजीतलं 'चेस' मात्र निघालं शाहवरून, म्हणजे राजावरून.

आता खरं सांगते. मला आणि मुद्रितं तपासणाऱ्या मामांना याच खेळाचं वेड होतं. कार्यालयात खेळायला बंदी, म्हणून दोघांच्या खणात एकेक पट लपवलेला. नोंद लिहिलेलं माझं कार्ड तपासायला मधल्या खिडकीतून त्यांच्या खोलीत जाई. मागच्या बाजूला पेन्सिलीने माझी खेळी, परत येताना त्यांची. छापखान्यात पाठवण्याआधी सगळं खोडायचं काम माझं. पण त्या शुक्रवारी मला इतकी घाई झाली होती, की खोडायचंच राहिलं.

त्यात आमचा नियम असा, की पुढची बाजू अपुरी पडली तर मजकूर मागे लिहायचा. छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याने नियम पाळला.

सोमवारी मंडळ बसलं, मामांनाही आत बोलावलं होतं. माझा पाय एका जागी ठरेना. अर्धवट उघड्या दाराबाहेर फेऱ्या घालत मी ऐकत होते. अध्यक्ष वाचत होते, "...चेस हा शब्द शाहवरून आला. घोडा मागे घ्या बाई, वजीर जातोय. जाऊ द्या मामा. मग हा हत्ती चार घरं पुढे."

अण्णांनी मामांकडे पाहिलं.

"मुद्रित तुम्ही तपासलंत ना?"

"तपासलं की. एक दुरुस्तीही केली."

दुरुस्ती होती. मुद्रिताच्या समासात लिहिलं होतं: 'हत्ती नको, उंट.'

मला आत बोलावलं. वाटलं, संपलं.

"बाई," अध्यक्ष म्हणाले, "उंटाने काय साधणार? हत्तीच बरा होता."

"अहो, उंटाने दोन खेळ्यांत मात होते," मामा उसळले.

"दाखवा."

माझ्या खणातला पट टेबलावर आला. पाच वाजेपर्यंत सगळं मंडळ त्यावर वाकलं होतं. माझा विषय पुढच्या बैठकीवर गेला.

पुढे जुळाऱ्याने स्वतःचा छापखाना काढला. मामा निवृत्त होऊन नातीकडून रोज हरू लागले. अण्णा शेवटपर्यंत उंटाच्या विरोधात राहिले. मी सत्तावीस वर्षं हंगामीच होते. प्रत्येक बैठकीत माझा विषय यायच्या आत पट मांडला जायचा.